काचेवरची बोटं

शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून वायव्येकडे जाणारा आय-९० महामार्ग धरला की थोड्याच वेळात शॉमबर्ग लागतं. शहरात असावं ते सगळं इथे आहे, तरी सरकारी कागदावर ते अजून ‘व्हिलेज’च. १९५६ साली गावाची रीतसर नोंदणी झाली तेव्हा वस्ती होती १३० माणसांची. २०२०च्या जनगणनेत ती ७८ हजारांच्या वर गेली. मधल्या काळात १९७१मध्ये वुडफील्ड मॉल उघडला आणि १९७६मध्ये मोटोरोला कंपनीनं आपलं मुख्यालय इथल्या अल्गाँक्विन रोडवर आणलं. कंपनीमागोमाग इंजिनिअर आले, त्यांत भारतीय आले, भारतीयांत मराठीही आले. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९पासूनचं, त्यामुळे गणपती-दिवाळीला जायचं कुठे हा प्रश्न या मंडळींना फारसा पडला नाही.

माणसाच्या बोटांनी यंत्राशी कसं बोलायचं, या प्रश्नाचा गेल्या पन्नास वर्षांचा बराचसा इतिहास अल्गाँक्विन रोडवरच्या या आवारातून सांगता येतो. कारण इथून दोन वाटा फुटल्या. मोटोरोलाचा मोबाइल फोन बटणांकडून काचेकडे गेला. मोटोरोलाचा वायरलेस रेडिओ, म्हणजे पोलिसांच्या आणि अग्निशामकांच्या हातातला वॉकी-टॉकी, बटणं आणि फिरवायचे नॉब सोडायला तयार झाला नाही. टचस्क्रीनवरच्या खुणांचं, ज्यांना आपण सगळे आता ‘जेश्चर’ म्हणतो त्यांचं, पुढे काय होणार हे समजून घ्यायचं असेल तर या दोन्ही वाटा पाहायला हव्यात. माझं मत आधीच सांगून टाकते. भविष्य ठरणार आहे ते काच ज्यांचं ऐकत नाही अशा हातांवरून.

हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये केला. विक्रीला आलेला पहिला फोन, डायनाटॅक ८०००एक्स, १९८३चा. किंमत ३,९९५ डॉलर. तेव्हापासून २००४च्या रेझरपर्यंत मोटोरोलाचा फोन म्हणजे बटणं. रेझरचे १३ कोटींहून अधिक नग खपले. त्याचा सपाट, धातूचा कीपॅड अनेकांना आठवत असेल. सपाट असला तरी दोन बटणांमधली रेघ अंगठ्याला लागायची, पाचच्या आकड्यावरचा उंचवटा लागायचा. पोरं वर्गात बाकाखाली हात ठेवून, फळ्याकडे बघत मेसेज टाइप करायची. ते कौतुक बोटांचं होतं, तसंच त्या उंचवट्याचंही.

स्पर्शाचा पडदा मात्र २००७मध्ये आकाशातून पडलेला नाही. ब्रिटनमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी रडारच्या कामासाठी १९६५मध्येच त्याची कल्पना मांडली होती. आणि खुद्द इलिनॉय राज्यात, शॉमबर्गपासून दक्षिणेला दोन-अडीच तासांवर, अर्बाना इथल्या विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या चमूनं १९७२मध्ये ‘प्लेटो-४’ ही शिकवणारी यंत्रणा उभी केली. तिचा पडदा नारिंगी उजेडाचा, प्लाझ्माचा. पडद्याच्या कडांवरून अवरक्त किरणांची सोळा बाय सोळा अशी जाळी सोडलेली. विद्यार्थ्यानं उत्तरावर बोट ठेवलं की आडवा एक आणि उभा एक किरण तुटायचा आणि यंत्राला जागा कळायची. या पडद्याला बोट कोरडं आहे की ओलं, हातमोज्यात आहे की उघडं, याच्याशी देणंघेणं नव्हतं. किरण अडला, काम झालं. अचूकता जेमतेम, पण कोणाच्याही हाताला नकार नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या यंत्राची ही बाजू मला फार मोलाची वाटते.

आजची काच वेगळी चालते. काचेखाली पारदर्शक वाहकाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या असतात. प्रत्येक छेदापाशी किंचित विद्युतभार साठवलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार ते आपल्याकडे ओढतं आणि कुठल्या छेदावर घट झाली हे कंट्रोलर सेकंदाला साठ, कधी सव्वाशे वेळा तपासतो. म्हणजे काच बोटाचा दाब मोजत नाही, बोटाची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजते. एका वेळी अनेक बोटं ओळखण्याचं काम टोरोंटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२मध्येच केलं होतं. पुढे डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन आणि जॉन एलियास यांनी १९९८मध्ये ‘फिंगरवर्क्स’ कंपनी काढली. वेस्टरमन यांचे हात टाइप करून करून दुखावले होते, त्यांना हलक्या स्पर्शानं चालणारा कीबोर्ड हवा होता. ॲपलनं २००५मध्ये ती कंपनी विकत घेतली, आणि जानेवारी २००७मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावर दोन बोटांच्या चिमटीनं फोटो मोठा करून दाखवला. आज तान्ह्या पोराला येणारी ही खूण एका दुखऱ्या हाताच्या सोयीतून आपल्यापर्यंत आली आहे.

मोटोरोला गाफील होती असं नाही. १९९४मध्ये तिनं स्पर्शाच्या पडद्याचा ‘एन्व्हॉय’ हा हातात धरायचा कम्युनिकेटर जाहीर केला होता. २००६च्या ‘मिंग’ फोनच्या पारदर्शक झाकणाखाली काडीनं चिनी अक्षरं लिहिता यायची. २०१०च्या ‘बॅकफ्लिप’मध्ये तर पडद्याच्या पाठीमागे स्पर्शपट्टी दिली होती, म्हणजे बोटानं पडदा झाकला जाऊ नये. कल्पना सुरेख होती, पण लोक समोरच्या काचेला सरावले होते. जानेवारी २०११मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले. फोनवाली मोटोरोला मोबिलिटी आधी गूगलकडे आणि २०१४मध्ये लेनोव्होकडे गेली. रेडिओवाली मोटोरोला सोल्युशन्स शॉमबर्गमध्ये राहिली. तिचं मुख्यालय २०१६मध्ये शिकागोत गेलं, पण कामकाजाचा मोठा भाग तेव्हा शॉमबर्गमध्येच राहिला.

याच काळात बोटाच्या हालचालींची मालकी कोणाची, हा वाद शिकागोच्या कोर्टात उभा राहिला. ॲपल विरुद्ध मोटोरोला. वादातलं एक पेटंट कशाबद्दल होतं? बोट काचेवर पहिल्यांदा सरकतं तेव्हा ते सरळ उभं कधीच जात नाही, जरा तिरकं जातं. ते ठरावीक अंशांच्या आत तिरकं असेल तर पान फक्त वर-खाली सरकवायचं, नाहीतर बोटाबरोबर सगळीकडे हलू द्यायचं, हे ठरवण्याची रीत. न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी जून २०१२मध्ये खटला निकाली काढला. दोघांपैकी कोणालाच आपलं नुकसान सिद्ध करता आलं नाही, असं त्यांनी म्हटलं. वरच्या कोर्टानं २०१४मध्ये तो निकाल काही अंशी फिरवला, आणि पुढच्याच महिन्यात कंपन्यांनी आपसात मिटवलं. तिकडे जर्मनीत ‘सरकवून कुलूप उघडा’ या खुणेवरून याच दोघांचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१५मध्ये ते पेटंट रद्द झालं, कारण निओनोड नावाच्या छोट्या स्वीडिश कंपनीच्या फोनमध्ये ती खूण आधीपासून होती.

या भांडणांचा एक परिणाम आपण अजून भोगतो आहोत, असं मला वाटतं. खुणांची एक सार्वजनिक, सगळ्यांनी मान्य केलेली यादी झालीच नाही. एका फोनवर कडेवरून बोट आत ओढलं की मागचं पान येतं, दुसऱ्यावर मेन्यू उघडतो. २०१७मध्ये आयफोननं खालचं गोल बटण काढलं, २०१९च्या अँड्रॉइड १०नं तळाच्या तीन बटणांच्या जागी खुणा आणल्या. बटण निदान दिसतं तरी. खूण दिसत नाही; कोणी दाखवली तरच कळते.

शॉमबर्गच्या घराघरांत हे दाखवण्याचं काम नातवंडं करतात. मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या नाशिकच्या एका काकूंबरोबर मी दुपारभर बसले होते. बाहेर बर्फ, घरात हीटर, आणि त्यामुळे कातडी इतकी कोरडी की काकू सारख्या हाताला क्रीम लावत होत्या. टॅबलेटवर नातीच्या नाचाचे फोटो होते. काकूंनी एका फोटोवर बोट ठेवलं. काही झालं नाही. त्यांनी जोर देऊन दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. फोटो उघडायच्या ऐवजी त्यावर बरोबरची खूण उमटली आणि वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं. सुनेनं स्वयंपाकघरातून सांगितलं, “आई, दाबू नका, हलकं टेकवा.” काकू म्हणाल्या, “अगं, पण हलकं म्हणजे किती?”

या प्रश्नाचं उत्तर काचेकडे नाही. कोरड्या बोटाची वीज काचेला पुरेशी जाणवत नाही, म्हणून पहिला स्पर्श वाया जातो. माणूस साहजिकच जोर लावतो. जोरानं बोट पसरतं, स्पर्श नोंदला जातो, पण तोवर वेळ गेलेला असतो आणि यंत्र त्याला ‘दाबून धरलं’ असं समजतं. चूक काकूंची नसते, पण त्यांना ती स्वतःची वाटते, आणि पुढच्या वेळी त्या टॅबलेटला हातच लावत नाहीत. ज्यांचे हात आयुष्यभर पीठ मळण्यात, भांडी घासण्यात, शेतात गेले त्यांना रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवल्याच्या हकिकती महाराष्ट्रात काही कमी नाहीत. तंत्र वेगळं आहे, पण हात तेच आहेत.

आता दुसरी वाट. जळत्या इमारतीत शिरलेला अग्निशामक जाड हातमोजे घालतो, तोंडावर मुखवटा असतो, धुरात स्वतःचा हात दिसत नाही. त्याच्या रेडिओवर आवाज वाढवायचा नॉब आणि चॅनेल बदलायचा नॉब आकारानं वेगळे आणि एकमेकांपासून लांब असावे लागतात. संकटाची कळ वेगळी, नारिंगी रंगाची, चुकून दाबली जाणार नाही पण चाचपडत सापडेल अशी. मोटोरोलाच्या एपीएक्स मालिकेतले अग्निशामकांसाठीचे रेडिओ या विचारानं घडवले गेले. अमेरिकेत २०२१मध्ये अशा रेडिओंसाठी एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं ‘१८०२’ हे वेगळं मानकच आलं. आपल्याकडे विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर उभ्या असलेल्या पोलिसाकडे बघा. नजर गर्दीवर, अंगठा रेडिओच्या कडेच्या कळीवर. त्याला रेडिओकडे बघायला लावणं म्हणजे गर्दीवरची नजर काढायला लावणं.

२०१९मध्ये याच कंपनीनं ‘एपीएक्स नेक्स्ट’ आणला, त्यावर टचस्क्रीन आहे. मला या यंत्रातली तडजोड महत्त्वाची वाटते. पडदा हातमोज्यातून आणि पावसातही चालावा अशा बेतानं बनवलेला आहे, बोलूनही हुकूम देता येतो, आणि तरीही नॉब आणि संकटाची कळ जागच्या जागी आहेत. नकाशा पाहायला काच, जीव वाचवायला नॉब.

ही अक्कल सगळ्यांना स्वस्तात आली नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मेले. जहाजाचं सुकाणू आणि गती टचस्क्रीनवरून चालत होती. नियंत्रण एका टेबलावरून दुसऱ्यावर देताना कोणाच्या हातात काय आहे याचा गोंधळ झाला. चौकशी अहवालात त्या पडद्यांच्या रचनेवर ठपका आला, आणि २०१९मध्ये नौदलानं गतीसाठी पुन्हा हातात धरायचे दांडे बसवायचं ठरवलं. मोटारींचंही तेच. गाडीतलं प्रत्येक बटण काढून मधोमध एक मोठा पडदा लावायची चढाओढ दहा वर्षं चालली. आता मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपच्या ‘एनकॅप’ संस्थेनं २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापायचं जाहीर केलं आहे.

म्हणजे काच हरली का? मुळीच नाही. काचेला हाताची शिस्त कशी शिकवावी याचं सर्वांत चांगलं उदाहरण मला आपल्याच पवईत सापडतं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये ‘स्वरचक्र’ हा मोबाइलसाठीचा कीबोर्ड आणला. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू, के... बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचं आणि सोडायचं. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानं लावलेली. ज्याची बाराखडी पाठ आहे त्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. इंग्रजी टंकलेखनाच्या क्वर्टी मांडणीत देवनागरी कोंबण्यापेक्षा ही वाट किती सरळ आहे!

यातली खुबी नीट बघण्यासारखी आहे. नवशिक्या माणूस बोट ठेवतो, चक्र उमलायची वाट बघतो, वाचतो, मग सरकवतो. काही आठवड्यांनी तोच माणूस चक्राची वाट बघत नाही, कारण ‘की’ कुठल्या दिशेला आहे हे बोटाला ठाऊक झालेलं असतं. हालचाल दोन्ही वेळा एकच. शिकताना जी केली तीच सरावानं झटपट होते. टोरोंटोत गॉर्डन कुर्टनबाख आणि बिल बक्स्टन यांनी १९९०च्या दशकात अशा चक्राकार मेन्यूंचा सविस्तर अभ्यास केला होता. हार्मोनियमवर बोटं बसतात तशी ती काचेवरही बसू शकतात, पण त्यासाठी खुणेमागे काहीतरी सुसंगत रचना हवी. देवनागरीला ती हजारो वर्षांच्या ध्वनिविचारातून आयती मिळालेली आहे. स्वरचक्रानं ती काचेवर उतरवली. आपल्या भाषांसाठी झालेल्या या कामाचा गवगवा हवा तेवढा झाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दृष्टिहीनांनी तर काचेला आणखी मोठा धडा दिला. २००९च्या आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारं ‘व्हॉइसओव्हर’ आलं तोवर सगळे धरून चालले होते की, सपाट काच अंध माणसाच्या काहीच उपयोगाची नाही. व्हॉइसओव्हरनं खूण जागेपासून सोडवली. उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट वाचून दाखवली जाते, कुठेही दोनदा टिचकी मारली की ती उघडते. नेम धरायची गरज नाही. पुढे काचेवर सहा बोटांनी ब्रेल टाइप करायची सोयही आली. जे काकूंना जमत नव्हतं, ते न बघता जमवायची रीत आधीपासून अस्तित्वात होती. तिला ‘अपंगांसाठीची सोय’ असं लेबल लावून सेटिंगच्या तळाशी ठेवलं गेलं, म्हणून बाकीच्यांपर्यंत पोचली नाही.

काचेलाच स्पर्श परत देण्याचे प्रयोगही शॉमबर्गहून लांब नाहीत. मिशिगन सरोवराकाठच्या इव्हन्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. तिथले एड कोलगेट आणि मायकेल पेश्किन कित्येक वर्षं गुळगुळीत पृष्ठभागावर खडबडीतपणाचा भास कसा निर्माण करायचा यावर काम करत आले. त्यांच्या प्रयोगशाळेनं आधी काच कानाला न ऐकू येणाऱ्या वेगानं थरथरवून बोटाखालचं घर्षण कमी करून दाखवलं. मग ‘टॅनव्हास’ ही कंपनी निघाली. तिची पद्धत विजेची: काचेच्या पृष्ठभागावरचं विद्युतक्षेत्र बदललं की बोट किंचित ओढलं जातं, आणि सरकत्या बोटाला कड, खाच, कापडाचा पोत जाणवतो. या परिणामाचं मूळ १९५३चं आहे. एडवर्ड मॅलिनक्रॉट यांच्या लक्षात आलं होतं की, दिवा चालू असताना त्याच्या पितळी भागावरून फिरवलेलं बोट वेगळंच अडखळतं. हे तंत्र रोजच्या फोनमध्ये अजून आलेलं नाही. येईल तेव्हा काकूंच्या प्रश्नाला काच पहिल्यांदा उत्तर देऊ शकेल. कडेपाशी बोट अडखळलं, म्हणजे बटण इथे आहे.

हवेतल्या खुणांचा बोलबाला मात्र मला पटत नाही. पालनपूरहून आयआयटी मुंबईमार्गे एमआयटीत गेलेल्या प्रणव मिस्त्री यांनी २००९मध्ये हवेतल्या हातवाऱ्यांनी चालणारा ‘सिक्स्थ सेन्स’ दाखवला तेव्हा सगळे भारावले होते, मीही. २०१९मध्ये गूगलनं पिक्सेल-४मध्ये छोटं रडार बसवलं, वरून हात फिरवला की गाणं बदलायचं. तो फोन भारतात आलाच नाही. रडारच्या ६० गिगाहर्ट्झ लहरींना इथे परवानगी नसल्याचं कारण तेव्हाच्या बातम्यांत होतं. पुढच्याच फोनमधून गूगलनं ते रडार काढून टाकलं. हवेत हात हलवताना बोटाला काहीच लागत नाही, काचेएवढंही नाही. त्यापेक्षा मोटोरोलाची २०१३ची मोटो एक्समधली युक्ती मला शहाणी वाटते: मनगटाला दोन झटके दिले की कॅमेरा चालू. फोन हातात घट्ट धरलेला असतो, हाताला त्याचं वजन कळतं, हातमोजे काढावे लागत नाहीत. मनगटावरच्या पट्ट्यातून स्नायूंचे विद्युतसंकेत वाचून बोटांची किंचितशी हालचाल ओळखणारं यंत्र मेटानं २०२५मध्ये विक्रीला आणलं. हा रस्ता लांबवर जाईल असं मला वाटतं, कारण इथे अंगठा तर्जनीवर टेकतो आणि स्वतःचाच स्पर्श स्वतःला कळतो.

जगातल्या बहुतेक हातांना काचेची सवय झाली आहे, ती आता सुटायची नाही. म्हणून नव्या खुणांची भर घालण्याआधी असलेल्या खुणा सगळ्यांना जमतील असं काम व्हायला हवं. शॉमबर्गपासून पुण्यापर्यंत या कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी मुलामुलींना माझी विनंती आहे: तुमच्या पडद्याची चाचणी आईच्या हातानं करा. कणीक मळून झाल्यावर, हिवाळ्यात, चष्म्याशिवाय करा. आणि वाचकांसाठी आजच करता येण्याजोगं एक काम आहे. दिवाळीला घरी गेलात की आई-वडिलांच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. दाबून धरण्याचा अवधी तिथे वाढवता येतो, आणि काही फोनवर स्पर्शाची संवेदनशीलताही वाढवता येते. दोन मिनिटं लागतात. मग फोन त्यांच्या हातात द्या आणि त्यांना स्वतः एक फोटो उघडू द्या.